नकाशातली चिमीची खाट

मैत्रिणींनो, हे पत्र चौघींनी फिरवून वाचा. आज नागपूरच्या कोर्टात घडलं ते असं:

१. ताईच्या घटस्फोटाची तारीख होती. भाऊजी दुसऱ्या बाईसोबत राहतात, हे सिद्ध झालं.

२. आमचे वकील म्हणाले, "यावर घटस्फोट मिळेल, पण सहा वर्षांची चिमी मिळेलच असं नाही. तिचं हित कुठे, हे न्यायाधीश वेगळं पाहतात."

३. म्हणून चिमीची आमच्याकडे नीट सोय आहे हे दाखवायला मी आमच्या घराचा मोजून काढलेला नकाशा दिला. त्यात चिमीची खाट ताईच्या खोलीत दाखवली.

न्यायाधीशांनी तो चिमीपुढे धरला. "तू कुठे झोपतेस?"

तिने माझ्या खोलीवर बोट ठेवलं. "मावशी, तू चुकली वं! माही खाट तं तुह्या खोलीत आहे."

मी चुकले नव्हते. बरं दिसावं म्हणून नकाशात खाट हलवली होती. रोज ऑफिसात नकाशे काढणारी मी, मान खाली घालून उभी राहिले.

भाऊजींचे वकील लगेच म्हणाले, "म्हणजे पोरीला मावशीच सांभाळते."

ताई शांतपणे म्हणाली, "साहेब, गोष्टी ऐकाले मावशीकडे जाते. पहाटे पाय गार पडले का माह्याच पांघरुणात येते."

"मावशी घोरते ना!" चिमी म्हणाली. न्यायाधीशही हसले.

पुढच्या तारखेला त्यांना घराबाहेरच्या माणसांचं म्हणणं हवं आहे. दिवाळीत तुम्ही चार दिवस आमच्याकडे होतात. ताई आणि चिमीला जसं पाहिलं तसंच लिहा. माझ्यासारखी खाट हलवू नका. उत्तर येत्या गुरुवारपर्यंत माझ्या हाती पडू द्या.