भुसभुशीत माती
दोन हजार चार-पाचच्या सुमारास अमेरिकेत हिल्सबरोला आमच्या शेजारी एक रशियन आजोबा राहायचे. दार कधी वाजवायचे नाहीत. अंगणातूनच तुटक इंग्रजीत ओरडायचे, "घाबरू नका, शेजारी आहे!" आणि दार उघडलं की दोन्ही रिकामे तळवे दाखवायचे. बायको म्हणायची, "किती नाटकी!" मलाही तसंच वाटायचं.

एकदा आमच्या लॉनखालचा पाण्याचा पाइप फुटला. नेमका कुठे ते कळेना, म्हणून मी लोखंडी सळई घेऊन जमीन टोचत निघालो. आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. मग फाटक उघडून, पहिल्यांदाच न ओरडता, ते आत आले आणि माझ्या हातातली सळई त्यांनी काढून घेतली.

"क्रांतीनंतर माझे वडील सरकारच्या अंतर्गत सुरक्षा दलात होते," ते म्हणाले. "गावोगाव जाऊन लोकांच्या परसात अशीच सळई खुपसायचे. माती भुसभुशीत लागली की खाली धान्य पुरलेलं. सगळं उचलून न्यायचे. बियाणंसुद्धा."

"तुम्ही तर तेव्हा जन्मलाही नसाल," मी म्हटलं.

"नव्हतोच. पण सळई घरी होती. रविवारी वडील फडक्यात पाव गुंडाळून अंगणात पुरायचे आणि आम्हा भावंडांना शोधायला लावायचे. खेळ होता."

त्यांनी सळई कुंपणाशी उभी केली आणि ते गुडघ्यांवर बसून हातांनीच चिखल उकरायला लागले. मीही शेजारी बसलो.

पाइप आधी त्यांच्याच हाताला लागला. मान वर न करता म्हणाले, "नेहमी मीच जिंकायचो."