चिन्यांचा कप्तान शिकवणारे सर

"ऐका, लिवा, मग खुशाल विसरा," असं म्हणत सर वर्गात शिरायचे आणि खडू उचलण्याआधी टेबलाला टेकून मिनिटभर डोळे मिटायचे. नायगावहून एसटीनं येत. निम्मा जीव रस्त्यातच गेलेला असे.

मी अहमदपूरच्या त्या कॉलेजात ग्रंथालय सांभाळतो. सर तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत, दर वर्षी नव्या ऑर्डरवर. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. केस पिकले तरी हजेरीपटावर नाव मात्र पेन्सिलीनं.

आशियातल्या वसाहतींचा एक पेपर होता. त्यात मलायातल्या चिनी वस्तीचा भाग आला की सरांचा थकवा थोडा उतरायचा. इंग्रज साहेबाला चिन्यांची भाषा येईना. मग त्यानं त्यांच्यातलाच एक वजनदार व्यापारी निवडून त्याला 'कप्तान' केलं. वस्तीतली भांडणं, लग्नं, मसणवट्याची जागा, सगळं त्यानंच बघायचं.

"मग मजाच की त्याची," एक पोरगी म्हणाली.

"कशाची मजा, बाई? हुकूम सायबाचा, तोंड ह्याचं. शिव्या कुनाला बसत्याल?"

दोन वर्षांपूर्वी इतिहासाला जेमतेम नऊ विद्यार्थी उरले. विभागात तासिकांवर दोघं, सर आणि एक मॅडम. मॅडम तरुण, निलंग्याहून आलेल्या, लहान मुलीला घेऊन एकट्या राहत. संस्थेच्या सचिवांनी सरांना बोलावलं.

तिथून सर थेट ग्रंथालयात आले. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"एकालाच ठिवनार म्हनं. मला ठिवून राहिले. मॅडमला मी सांगायचं."

"तुम्ही का?"

"तुमचं ऐकतात त्या, म्हनले." सर हसले. "कप्तान केलं बघा मला."

दोन दिवस ते मॅडमसमोर आलेच नाहीत. त्या स्टाफरूममध्ये असल्या की हे माझ्याकडे येऊन जुनी वर्तमानपत्रं चाळत बसायचे. तिसऱ्या दिवशी सचिवांकडे गेले आणि स्वतःचाच राजीनामा देऊन आले.

मॅडमना कळलं तेव्हा त्या आभार मानतील असं मला वाटलं होतं. त्या तरातरा ग्रंथालयात आल्या. सर तिथंच वर्तमानपत्र चाळत बसले होते.

"सर, मला विचारलं का तुम्ही? माझ्या नोकरीचं तुम्ही आणि त्यांनी ठरवून टाकलं. मला तोंड न्हाई का?"

सरांनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी करून ते बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "हाव. विचारायला पायजे होतं. चुकलं माझं."

मॅडम रडल्या. सरांनी त्यांच्यासमोर आपल्या नोट्सची पिशवी ठेवली. त्यांनी ती घ्यायला वेळ लावला, पण घेतली.

सर पुन्हा कॉलेजात आले नाहीत. मागच्या महिन्यात नायगावच्या स्टँडवर भेटले. भावाच्या शेताला स्प्रिंकलरचे नोझल घेऊन चालले होते. उन्हानं रापलेले, पण चेहरा तोच दमलेला. कॉलेजातल्या कुणाचीच चौकशी केली नाही. गाडी लागली, तसे पिशवी काखेत धरून उठले आणि पायरीवरून वळून म्हणाले, "चिन्यांचा पेपर कोन शिकवून राहिलंय आता?"

"मॅडमच," मी म्हणालो.

"चांगलं शिकवतात का?"

"लई चांगलं."

ते मान हलवत आत गेले. नव्या अभ्यासक्रमात तो पेपरच उरला नव्हता, आणि मॅडमही गेल्या जूनमध्ये निलंग्याला परत गेल्या होत्या.