न्यूयॉर्क झालं

मास्तर इथं लंडनच्या हाउन्सलोत आठ वर्षं राहिले, पण बोलायचे न्यूयॉर्कबद्दल. तेही दोनशे वर्षांपूर्वीच्या. अमेरिका त्यांनी पाहिली नव्हती. नागपुरात इतिहास शिकवायचे. बायको गेल्यावर, दोन हजार सालाच्या सुमारास, मुलानं इकडे आणलं. लायब्ररी उघडली की हीटरजवळच्या खुर्चीत एकच जाड पुस्तक घेऊन बसायचे. मी तिथं साफसफाईला होते. माझी शाळा चौथीपर्यंत. तरी ते मला ऐकवायचेच.

"बाई, अमेरिकेच्या अध्यक्षाची पहिली निवडणूक. माणूस ठरलेला, सगळ्यांना तोच हवा. न्यूयॉर्कलाही तोच. पण मत द्यायला प्रतिनिधी निवडायचे कसे, यावर तिथली दोन सभागृहं भांडत बसली. मुदत गेली. न्यूयॉर्कचं एकही मत पडलं नाही."

"मग अध्यक्ष कोण झाला?"

"तोच."

"मग बिघडलं काय?"

मास्तर चष्मा पुसायचे. "न्यूयॉर्क नव्हतं ना त्यात."

पुढं कुठलंही काम भांडणात बुडालं की ते म्हणायचे, "न्यूयॉर्क झालं." आमचं गणपतीतलं नाटक दोन बायकांच्या हट्टापायी बारगळलं, तेव्हाही तेच.

एका हिवाळ्यात नागपूरला त्यांच्या थोरल्या बहिणीनं अंथरूण धरलं. आई लहानपणीच गेली होती, तिनंच यांना वाढवलेलं. मास्तरांना जायचं होतं. हृदय अधू, एकट्यानं प्रवास नको. मुलगा तयार, मिल्टन कीन्सला राहणारी मुलगीही तयार. एका रविवारी मी त्यांच्या घरी डबा द्यायला गेले, तर दोघं समोरासमोर.

"मी नेते बाबांना. नागपुरात माझ्या सासरी उतरतील."

"सासरी कशाला? माझा फ्लॅट रिकामा आहे. मीच नेणार, मार्चमध्ये."

"आत्या थांबणारेय का तुझी लीव्ह अप्रूव्ह होईपर्यंत?"

"आणि गेल्या वेळी त्यांच्या गोळ्या इथंच कोण विसरलं?"

मधे सोफ्यावर मास्तर, हातात गार झालेला चहा. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही बोला की."

"ठरवतील ते दोघं."

तीन आठवडे ठरवत होते. गुरुवारी बहीण गेली.

शुक्रवारी मास्तर लायब्ररीत आले. पुस्तक घेतलं नाही. "बाई, न्यूयॉर्क झालं."

"न्यूयॉर्क कसलं? तुम्हाला तोंड होतं."

त्यांनी चष्मा पुसला. "होतं," म्हणाले.

मी असं बोलायला नको होतं, असं लोक म्हणतील. म्हणोत. खोटी समजूत मला घालता येत नाही, आणि मास्तरांनी मागितलीही नव्हती. पुढं दोन वर्षांनी तेही गेले. त्या दोन वर्षांत त्यांनी न्यूयॉर्कचं नाव काढलं नाही. पुस्तक मीच अधूनमधून पुसून जागेवर ठेवायची.

गेल्या वर्षी माझे दोन मुलगे माझ्यावरून भांडत बसले. आईनं मेडनहेडला थोरल्याकडे राहायचं की धाकट्याकडे. तासभर ऐकलं. मग म्हटलं, "मी इथंच राहणार, हाउन्सलोत."

"आई, आम्ही अजून डिस्कस करतोय."

"करा. पण माझं न्यूयॉर्क करायचं नाही."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. सांगायला मास्तर नव्हते. मग मीच सांगितलं, पहिल्यापासून.

"मग अध्यक्ष कोण झाला?" धाकट्यानं विचारलं.

"तोच," मी म्हटलं. "पण न्यूयॉर्क नव्हतं त्यात."