पेंढ्यातला पुरावा

गिरगावात आमच्या चाळीच्या तोंडाशी एक देवगडचा माणूस दर उन्हाळ्यात हापूस विकायला बसतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. "आंबा नक्की देवगडचाच ना?" असं कुणी म्हटलं, की तो सरळ पेटी झाकतो आणि रस्त्याकडे बघत बसतो.

यंदा मीही तेच विचारलं. तो नवी पेटी उघडत होता. पेंढा बाजूला सारला, तर आत वीतभर साप!

"घोणशीचं पिल्लू!" मी किंचाळले.

त्याने झटकन झाकण लावलं, वर दगड ठेवला आणि सर्पमित्राला फोन केला. मग माझ्याकडे वळला.

"घोणस न्हय, ताई. घोणस कुकरासारखी फुसफुसता, तिच्या पाठीर साखळी असता. हेच्या डोक्यार बाण बघितलास? ह्यां फुरसां. विखारी दोन्ही, लांब ऱ्हवा."

पेटीतून करवत चालल्यासारखी करकर येत होती. फुरसं अंगावर अंग घासत होतं. चाळ गोळा झाली. तो मात्र सत्काराला बसल्यासारखा ताठ बसला होता.

"आमच्या कातळावरचां आसा," तो म्हणाला. "आता विचारा, आंबो खयचो?"