दुकानात न गेलेला डेस्कटॉप

पंखे फिरत होते, आतले निळे दिवे झगमगत होते आणि मॉनिटरवर मात्र एकच ओळ: नो सिग्नल. आदल्या संध्याकाळपासून ती इतक्यांदा वाचली होती की मला त्या मॉनिटरचं तोंड बघवेना.

मी घरबसल्या लोकांच्या किचनची थ्रीडी डिझाइन्स करते. जुना लॅपटॉप प्रत्येक चित्राला मान टाकायचा, म्हणून डेस्कटॉप घ्यायचा ठरवला. तोही तयार नाही, सुटे भाग आणून स्वतः जोडायचा. हे मी बिल्डिंगमध्ये, माहेरी, व्हॉट्सॲपवर, जिथे तोंड उघडता आलं तिथे सांगून मोकळी झाले होते. नवऱ्याच्या मते ही नसती उठाठेव. सकाळी त्याने कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन लावला, तर त्या गृहस्थांनी मशीन न बघताच निदान केलं, "मदरबोर्ड गेला असणार, घेऊन या." नवरा बूट घालत म्हणाला, "संध्याकाळी आलो की दुकानात टाकून येऊ." आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं. दुसऱ्याने चालू करून दिलेलं मशीन मला नको होतं. तो जिना उतरेपर्यंत मी रडू आवरलं, मग रागारागाने स्क्रूड्रायव्हर उचलला.

आधी मॉनिटर लॅपटॉपला जोडून पाहिला. तो गुणी बाळासारखा चालला. केबल बदलली, फरक शून्य. रॅमच्या पट्ट्या काढून एकेक लावून पाहिल्या, तरी तेच. तेवढ्यात बोर्डाच्या कडेला एक बारीक दिवा लागलेला दिसला आणि त्याच्याजवळ व्हीजीए असं छापलेलं. म्हणजे बोर्ड जिवंत होता! बिचारा कालपासून सांगत होता की पडद्यावर चित्र पाठवणारं ग्राफिक्स कार्ड त्याला सापडत नाहीये.

वीज बंद केली आणि मेथी निवडत बसलेल्या सासूबाईंना मोबाइलचा टॉर्च धरायला बोलावलं. खाली वाकून पाहिलं तर कार्डाचं एक टोक किंचित वर. दाबलं, तरी बसेना. शेवटी ते पूर्ण बाहेर काढलं. खाचेत, अगदी तळाशी, तांदळाचा एक लाल दाणा बसला होता.

आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय सुरू होत नाही. फ्रीज, मिक्सर, स्कूटर, कुणीही कुंकवावाचून सुटलेलं नाही. आदल्या दिवशी बोर्ड टेबलावर उघडा पडलेला असताना सासूबाईंनी कुंकू खोक्याला लावलं, पण अक्षता सढळ हाताने सगळ्या भागांवर टाकल्या. मी त्या ब्रशने गोळा केल्या होत्या. सगळ्या, असं मला वाटलं होतं.

सासूबाई टॉर्चसकट खाचेवर वाकल्या. "अगं बाई, माझ्या तांदळानं मोडलं का गं? लय चुकलं माझं."

"मोडलं नाही आई, नुसता घास अडकलाय."

भुवया कोरायच्या चिमट्याने दाणा उचलला. कार्ड पुन्हा बसवलं, दाबलं, आणि खट् असा आवाज आला. बटण दाबलं. पडदा काळाच राहिला, आणि मग पांढरी अक्षरं उमटली. मी किंचाळले. सासूबाईंनी मेथीच्या हातांनीच मला मिठी मारली. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्यासमोर सांगायला तयार आहे.

तांदळाचं मात्र कुणाला कळू द्यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. सासूबाईंना वाईट वाटलं असतं.

संध्याकाळी नवरा मित्राची गाडी घेऊन आला. "चला, उचलायचं ना?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई टेबलापुढे आडव्या.

"काही नेऊ नको कुठं. माझ्या अक्षता आत अडकल्या व्हत्या, हिनं शोधून काढल्या. तुझा दुकानदार नवा बोर्ड गळ्यात मारून मोकळा झाला असता. दाणा नाय दिसला असता त्याला."

नवऱ्याने पडद्याकडे पाहिलं. गंगापूर रोडच्या एका बाईंचं किचन त्यावर न अडखळता गोल फिरत होतं. त्याने गाडीची किल्ली खिशात टाकली, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "मला शिकव."

मी मशीन बंद केलं, स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "बाजूची काच उघड. हळू, माझं आहे ते."