सुनेसमोर एक तास

मुलांनो, तुमची काकू, म्हणजे माझी सून, नक्की काय काम करते हे तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारलंत आणि मी "लाइफ कोच आहे" एवढं सांगून विषय बदलला. कारण मलाही ते नीट माहीत नव्हतं. अजूनही आहे असं म्हणवत नाही. पण मी कायमची तुमच्याकडे कॅनडाला राहायला येणार की नाही ह्याचा त्या कामाशी संबंध आला, म्हणून घडलं तसं लिहून ठेवते. जन्मभर शाळेत मुलींना इंग्रजी शिकवताना मुद्दे क्रमाने मांडा असं सांगत आले. ह्या बाबतीत माझाच क्रम कुठेतरी चुकतो, ते सांभाळून घ्या.

काकूने शिक्षिकेची नोकरी सोडून हा कोर्स घरी बसून, कॉम्प्युटरवर केला. तिच्या म्हणण्याप्रमाणे कोच सल्ला देत नाही. तो फक्त प्रश्न विचारतो, आणि समोरच्या माणसाला त्याचं उत्तर त्याचं त्यालाच सापडतं. मी म्हटलं, मग शाळेत वेगळं काय करत होतीस? ती म्हणाली, "शाळेत उत्तर मला माहीत असायचं, आई."

पहिलं मोठं काम तिला केळीचा व्यापार करणाऱ्या एका पेढीत मिळालं. मालकापासून हमालांपर्यंत सगळ्यांनी मोकळेपणाने बोलावं, म्हणजे कामात मेळ बसेल, अशी कल्पना होती. ती पोहोचली तर तिथे स्टेज घातलेलं, माइक लावलेला. शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार झाला आणि दोन शब्द मार्गदर्शन करा म्हणाले. तिने मार्गदर्शनाऐवजी प्रश्न विचारला की कामात काय बदलावंसं वाटतं. रीतीप्रमाणे मालक आधी बोलले, आमच्याकडे सगळं बराबर आहे. मग मुनीमजी, मग गाडी भरणारे, सगळे एकामागून एक म्हणाले, शेठ म्हणाले तेच. काकू शाल आणि नारळ घेऊन घरी आली. नारळाची मी चटणी केली. काम झालं की नाही झालं, हे मला तिला विचारवेना.

मग तिने एकेकट्या माणसांना घ्यायचं ठरवलं. सर्टिफिकेटसाठी तिला तसे काही तास भरायचे होते, एक कोच, एक माणूस आणि बंद दार. पण आपल्याकडे एकटी बाई येते कुठे? जवळच्या दापोरा गावाहून एक सून आली ती सासू आणि नणंद घेऊन. काकूने सुनेला काही विचारलं की उत्तर सासू द्यायची. वर म्हणाली, "तिला काय विचारता मॅडम, मला विचारा ना. तिचं सगळं मीच पाहते." शेवटी काकूने सोबत आलेल्यांना बाहेरच्या खोलीत माझ्यापाशी बसवायला सुरुवात केली आणि आतल्या खोलीचं दार लावून घेऊ लागली. मी चहा करायची, केळीच्या भावावर बोलायची. हळूहळू चांदनी, देडतलाई अशा आसपासच्या गावांहूनही बायका येऊ लागल्या. मला वाटायचं, मी आपली पाहुणचार करते आहे.

इकडे तुमच्या बाबांचा प्रश्न दिवाळीपासून लोंबकळत होता. ते नवीन घर बघत होते आणि मी येणार असेन तर खालच्या मजल्यावर खोली असलेलंच घर घ्यायचं होतं. महिना संपायच्या आत कळव, म्हणाले. मी आज सांगते, उद्या सांगते करत होते. अशा वेळी एका बाईचं येणं ऐन वेळी रद्द झालं आणि काकूने विचारलं, आई, तुम्ही बसाल का? तास मोजला जाईल.

मी साडी बदलून, पाण्याचा पेला घेऊन आतल्या खोलीत बसले. तिने आधी नियम सांगितला. ह्या तासापुरती ती माझी सून नाही आणि मी तिची सासू नाही. नियम असला की मला बरं वाटतं. पण मग आम्ही कोण, हे तिने सांगितलं नाही. आज कशाबद्दल बोलायला आवडेल, असं तिने विचारलं. मी म्हटलं, संध्याकाळच्या भाजीबद्दल. ती हसली नाही. मग मी तुमच्या बाबांच्या घराचं काढलं.

ती म्हणाली, "तुम्हाला काय हवंय?"

मुलांनो, लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हापासून हा प्रश्न मला कोणी असा समोर बसून विचारला नव्हता, आणि मीही कोणाला विचारला नव्हता. आपल्या घरांत असं विचारत नाहीत. आपण समोरच्याचा चेहरा बघतो, त्याला काय हवंय ते ओळखतो, आणि तेच आपल्याला हवं होतं असं म्हणतो. मी सवयीने काकूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर काहीच नव्हतं. कोर्समध्ये तसं शिकवतात म्हणे.

"तुला काय वाटतं ते सांग आधी," मी म्हटलं.

"ह्या तासात मला काही वाटायचं नसतं, आई."

मला राग आला. मग मी माझ्या परीने हिशोब केला. हिचं काम वाढतंय, बायका येतात, घर लहान पडतं. माझी खोली मोकळी झाली तर हिला बरंच होईल, फक्त बोलून दाखवत नाही. मी म्हटलं, जाते मी मुलांकडे. हे म्हणताना कसं वाटलं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, छान वाटलं. त्याच दिवशी तुमच्या बाबांना फोन केला. मागे तुम्ही दोघं आनंदाने ओरडत होतात ते ऐकू आलं.

दोन दिवसांनी मी भाजी निवडत बसले होते आणि काकू फोनवर कोणाला तरी सांगत होती की आता घरी फार दिवस नाही जमणार, ताई. मी विचारलं, का नाही जमणार?

"तुमच्या भरवशावर येतात त्या," ती म्हणाली. "घरी काय सांगून निघतात माहीत आहे का? मॅडमच्या सासूबाईंना भेटून येतो. घरात मोठं माणूस नसेल तर त्यांना पाठवणार कोण?"

"मग हे तू त्या तासात का नाही बोललीस?"

"बोलले असते तर मी कोच कसली?"

मी तिला खोलीचा माझा हिशोब सांगितला. ती आधी हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "म्हणजे तुम्ही माझ्यासाठी हो म्हणालात? हा तास मला धरता नाही येणार आई. फुकट गेला."

"बरं, सून म्हणून तुझं म्हणणं काय?"

"सून म्हणून नका विचारू. मी राहा म्हटलं तर तुम्ही राहाल. मग ते पण तुमचं उत्तर नाही."

तिला मी हवी आहे की बाहेरच्या खोलीत बसलेली मोठी बाई हवी आहे, हे मला समजेना. आणि ह्या दोन्हींत फरक काय, हेही समजेना. हातातली मेथी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बसलो. ह्या वेळी मी डोळे मिटून घेतले, म्हणजे तिचा चेहरा दिसायचा प्रश्नच नको. तिने तोच प्रश्न विचारला. मला आधी तुम्हीच दिसलात, दप्तरं घेऊन घराबाहेर पडताना. मग खालच्या मजल्यावरची ती खोली, तुम्ही परत येईपर्यंत सबंध दुपार, आणि खिडकीपाशी मी. मग दापोऱ्याची ती सासू दिसली. मागच्या वेळी ती मला सांगत होती की सून आता तिच्याशी थोडं बोलते, आणि ते चांगलं की वाईट हे तिला ठरवता येत नव्हतं. मी तिला काय उत्तर दिलं होतं, तेच मला आठवेना. पण तिच्याशी अजून बोलायचं बाकी आहे, असं वाटलं.

"मला राहायचंय," मी म्हटलं.

म्हटल्याबरोबर शंका आली की हे मी काकूच्या बायकांसाठी म्हटलं की माझ्यासाठी. डोळे उघडले तर ती मान खाली घालून काहीतरी लिहीत होती. चेहरा दिसला नाही.

तुमच्या बाबांना मी फोन करून सांगितलं की तुम्हाला आवडेल ते घर घ्या, खालची खोली शोधू नका. तुमच्या सुट्टीत मी येईन आणि सुट्टी संपली की परत येईन.  त्यांनी विचारलं, तिने राहा म्हटलं का? मी म्हटलं, ती काहीच म्हणाली नाही.

"मग कोण म्हणालं?"

"मीच म्हणाले," मी सांगितलं. त्यांना ते खरं वाटलं नसावं. मलाही अजून पुरतं वाटत नाही, पण तिकीट मी जाण्याचं आणि येण्याचं, दोन्हींचं काढायला सांगितलं आहे.