चाकांच्या चरीतली मेथी

मेथी निवडताना बोटांना कडवट वास लागला की विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीची ती सकाळ आठवते. इमारतीमागे जिथे मी वर्षानुवर्षं गाडी लावायचो, तिथे सगळ्यांनी मिळून भाजीचे वाफे केले होते. बैठकीत मी एकटाच विरोधात होतो, आणि त्या सकाळी मी रागाने गाडी मागे घेत ओल्या वाफ्यावर चढवली. “ब्रेक लागला नाही,” असं मी खोटंच सांगितलं. तळमजल्यावरच्या निवृत्त बाईंनी चाकांच्या खुणा पाहिल्या आणि माझ्या हातात खुरपं आणि मूठभर मेथीदाणे दिले. “अहो, चरी आयत्याच पाडल्यात तुम्ही. आता माती मोकळी करा आणि पेरा.” चौथ्या दिवशी तिथे दोन हिरव्या रेघा उगवल्या, आणि रोज पाणी घालायला मीच जाऊ लागलो. पहिली जुडी त्यांना देताना मी कबूल केलं, “ब्रेक चांगला होता.” “माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर मेथी दिली. कोथिंबीर उगवायला दहा दिवस घेते, तेवढा धीर तुमच्यात नव्हता.” आता माझी गाडी रस्त्यावर झाडाखाली असते, पक्षी ती रोज रंगवतात, आणि यंदा कोथिंबिरीचा वाफा माझ्याकडे आहे.